किंकाळीची जागा

"किंचाळ," काचेपलीकडून दिग्दर्शकबाई म्हणाल्या. "दार धडकलं, बाबा आत आले, की किंचाळायचं. अगदी पोटातून. चल, परत एकदा."

मुंगीने मान डोलावली. हेडफोन तिच्या डोक्याला सैल होत होता, म्हणून रेकॉर्डिस्टने आत रुमालाची घडी घातली होती. मुंगी हे नावही त्यानेच सकाळी ठेवलं होतं. ती येऊन त्याच्या मागे उभी राहिली, तरी त्याला पत्ता नव्हता.

रेडिओसाठीची श्रुतिका लहानशीच होती. घरात आई आणि मुलगी, बाहेरून पिऊन येणारा बाप. मोठ्यांची वाक्यं आधीच ध्वनिमुद्रित झाली होती, उरली होती फक्त मुलगी. मुंगीने आपली सगळी वाक्यं न अडखळता म्हटली. शाळेत हजेरीलासुद्धा तोंड न उघडणारी पोर इथे घडाघडा बोलताना पाहून मागच्या बाकावर बसलेल्या तिच्या मावशीने दोनदा पदराने डोळे टिपले. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हिला कसंही करून बोलतं करा. आता गाडं अडलं होतं ते एका किंकाळीपाशी.

रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. दार धडकलं. पडद्यावरची हिरवी रेघ उसळली, खाली आली आणि किंकाळीच्या जागी सपाट पडून राहिली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही."

"मग आवाज का नाही काढलास?"

मुंगीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. "ती नाही ओरडणार."

"कोण?"

"यातली मुलगी."

"बाई, गप्प बसणंच रेकॉर्ड करायचं असेल तर मी जेवून येतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "दुपारी दुसरी मुलगी येणार आहे. तिच्याकडून करून घेऊ."

मावशी उठून उभी राहिली. "नको हो, असं नका करू. जमेल तिला. अजून एकदा घ्या ना."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि बोलण्याचं बटण पुन्हा दाबलं. "हे बघ बाळा, रेडिओवर तुझा चेहरा कुणाला दिसत नाही. मग ती घाबरलीय हे लोकांना कळणार कसं?"

"कळू नाही द्यायचं."

बाईंचं बोट बटणावरच राहिलं. त्यांनी विचारलं, "बरं. ओरडत नाही. मग काय करते ती?"

"करून दाखवू?"

"दाखव."

मुंगीने कागद खाली ठेवला. माइकजवळ सरकली आणि डोळे मिटले.

दार धडकलं. मग श्वास ऐकू आला. आत, जरा थांबून बाहेर, पुन्हा आत. हिरव्या रेघेवर बुटक्या, गोलसर टेकड्या उमटू लागल्या, एकीसारखी दुसरी. मध्येच नाक चोंदलेल्या मुलाची असते तशी बारीकशी घरघर. बाप ओरडला. काहीतरी फुटलं. आई "नको, नको" म्हणाली. टेकड्यांची उंची तसूभरही बदलली नाही.

"आयला," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ही खरंच झोपली की काय!"

बाईंनी आतला आवाज बंद केला आणि मागे वळून हळूच विचारलं, "हिच्या घरी असं काही…?"

"माझी बहीण गेली ना, तेव्हा ही आतल्या खोलीत होती," मावशी म्हणाली. "पण हिला काही माहीत नाही हो. शेजारीपाजारी गोळा झाले, पोलीस आले, तरी ही आपली गाढ झोपेत. उचलूनच आणली आम्ही. तेवढं एक बरं झालं म्हणायचं, पोरीने काही पाहिलं नाही, ऐकलं नाही."

बाईंनी आपला हेडफोन काढला आणि मावशीच्या कानांवर चढवला. रेकॉर्डिस्टला खूण केली. त्याने दाराचा आवाज पुन्हा वाजवला.

मावशी आधी कौतुकाने ऐकत होती. ओठांवर जरासं हसूही आलं होतं. मग ते तिथेच राहिलं, नुसतं ओठांवर.

हा श्वास तिच्या ओळखीचा होता. हेच थांबणं, हीच घरघर. रोज रात्री दिवे मालवण्याआधी ती मुलीच्या खोलीचं दार किलकिलं करून हेच ऐकायची. लागली बाई हिला झोप, असं नवऱ्याला सांगायची आणि स्वतःही निर्धास्त आडवी व्हायची.

"छान," बाई माइकवर म्हणाल्या. "हेच ठेवू आपण. किंकाळी नको. झालं हं बाळा, उघड डोळे."

टेकड्या उमटतच राहिल्या.

"मुंगे, संपलं गं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. बापाचा आवाज त्याने केव्हाच बंद केला होता.

मावशीने हेडफोन काढून ठेवला. जाडजूड दार ढकलून ती आत गेली. गालिच्यावर तिच्या पावलांचा आवाज होत नव्हता, होत होता तो फक्त बांगड्यांचा. तो मुंगीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

"बाळा, मी आहे गं. मावशी."

मुंगीची पापणी हलली नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट रेघेकडे बघत होता. श्वास अजून संथ झाला, अजून खोल.