भेटी दोनशे बारा, माणसं नऊ

चौथ्यांदा फाटकातून आत शिरताना सासूबाईंनी सासऱ्यांचा कोट घातला होता. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. डोक्यावर लोकरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. फाटकापाशी वही घेऊन बसलेला जावई खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या समोर आल्या की उठायची सवयच होती त्याला.

"बसा हो," सासूबाई जाड आवाज काढून म्हणाल्या. "मी तुम्हाला ओळखत नाही."

"आई, कोट उलटा घातलाय."

"मग उलटा कोट घातलेला एक गृहस्थ, असं लिहा."

फाटकाच्या आत जुनी वेधशाळा होती. गोल, दगडी, वर घुमट, आणि मधे एकाही खांबाचा आधार नसलेला वळणावळणाचा जिना. संरक्षित वास्तू, अशी बाहेर पाटी. पण शेजारच्या विद्यापीठाला नेमकं तिथेच वाणिज्य विभागाचं सहा मजली संकुल बांधायचं होतं. दगडांवर आकडे घालून वेधशाळा गावाबाहेर हलवू, नाहीतरी तिथे काळं कुत्रं फिरकत नाही, असं कुलगुरूंचं म्हणणं. वारसा समितीने सांगितलं, किती माणसं येतात ते आठवडाभर मोजून दाखवा. मग विद्यापीठाने संख्याशास्त्राचा अधिव्याख्याता खुर्ची देऊन बसवला. सहा वर्षं झाली तरी तो हंगामीच होता. "आकडा नीट आला, तर तुमचं कायम करायचं बघू," कुलसचिव म्हणाले होते. नीट म्हणजे केवढा, ते न विचारताही कळत होतं.

सासूबाईंनी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. दरवर्षी सातवीचा अख्खा वर्ग त्या या जिन्यावर आणून बसवत. फळ्यावर वर्तुळ काढता येतं, पण त्यात बसता येत नाही, असं त्या म्हणत. जिना हलवणार हे कळल्यावर त्यांनी आठ जण गोळा केले आणि फेऱ्या सुरू केल्या.

दंतवैद्य तोंडाला फडकं बांधून आले. निवृत्त पोस्टमास्तर सकाळी स्वतः आले आणि दुपारी स्वतःचे जुळे भाऊ म्हणून आले. सासूबाईंची नणंद पुढच्या फाटकातून आत, मागच्या फाटकातून बाहेर अशी इतकी फिरली की बुधवारी तिला गरगरायला लागलं. जिन्यावर बसवून तिला पाणी दिलं. तिने वर घुमटाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगबाई, हे एवढं सुंदर आहे होय!" तोवर तिला बघायला वेळच झाला नव्हता.

घरी वेगळीच तऱ्हा. बायकोने सांगून ठेवलं होतं, "आईला एक मोजलंस तर मी बोलणार नाही. आणि खोटं लिहून नोकरी घालवलीस तरी बोलणार नाही."

शनिवारी संध्याकाळी शेवटची फेरी झाली. सासूबाई पायरीवर टेकल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली. पाय सुजले होते.

"मला एकच लिहिणार ना?"

"जे आहे ते लिहिणार, आई."

"नोकरीसाठी?"

"नाही. मला दुसरं काही लिहिताच येत नाही."

सासूबाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग उठता उठता म्हणाल्या, "माझ्या मुलीने जरा खोटारडा नवरा केला असता, तर काय बिघडलं असतं?"

सोमवारी सुनावणी झाली. जावयाने वही उघडली.

"भेटी दोनशे बारा. माणसं नऊ."

कुलगुरूंनी टेबलावर थाप मारली. "नऊ! ऐकलंत? नऊ माणसांसाठी आम्ही विस्तार थांबवायचा!"

मागच्या रांगेत सासूबाईंनी मान खाली घातली.

समितीच्या अध्यक्षा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जावयाकडे बघितलं. "तुम्ही विद्यापीठात शिकवता ना? तिथल्या वर्गांत किती जण येतात, ते मोजलंय कधी?"

कुलसचिवांना जोराचा ठसका लागला.

"रोज मोजतो, मॅडम," जावई म्हणाला. "वर्गखोल्या चाळीस. त्यातल्या सत्तावीस बंदच असतात. वाणिज्य विभागात नावं तीनशे, येणारे अकरा. अकरातले दोघे पंख्याखाली झोपायला येतात."

"मग हे सहा मजले कोणासाठी?"

"भविष्यासाठी!" कुलगुरू ओरडले.

"भविष्याचा आकडा माझ्याकडे नाही, सर," जावई अगदी मनापासून म्हणाला.

वेधशाळेचा एकही दगड हलवायचा नाही, असं अध्यक्षांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. पोस्टमास्तरांनी दंतवैद्यांना मिठी मारली. सासूबाईंनी भर सभेत जावयाच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकदम रडायलाच लागल्या, कारण त्याची नोकरी गेली हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. विद्यापीठात जाऊन त्याने आपल्या टेबलाचा खण रिकामा करून पुस्तकं पिशवीत भरली.

पण त्याला काढायचं तर कारण द्यावं लागणार. कारण द्यायचं तर चौकशी नेमावी लागणार. आणि चौकशी नेमली की त्याचा जबाब घ्यावा लागणार. विद्यापीठात या जबाबावर तीन आठवडे खल झाला.

चौथ्या आठवड्यात घरी पत्र आलं. जावयाला धीर होईना, म्हणून सासूबाईंनीच चष्मा पुसून ते मोठ्याने वाचलं. त्याला कायम केलं होतं. खाली एकच अट होती: संख्याशास्त्राच्या सदर अधिव्याख्यात्याने यापुढे विद्यापीठाच्या आवारात काहीही मोजू नये.