लाल येत नाहीये

बाबांचं सगळं उरकल्यावर दोघे भाऊ पोचले. एकाला तिकीट मिळत नव्हतं, दुसऱ्याला सुट्टी. निदान भिंतीवर लावायला फोटो तरी आपण काढू, म्हणून थोरल्याने आईच्या मोबाइलमधला बाबांचा शेवटचा फोटो सरळ त्यांच्याच जुन्या प्रिंटरला पाठवला.

पान बाहेर आलं ते पिवळंधमक. गाल पिवळे, कपाळ पिवळं, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं.

"लाल येत नाहीये," थोरला म्हणाला. कार्ट्रिज बाबांनी रिफिल केलेलं होतं. त्याने ते काढलं, ओल्या टिश्यूवर टेकवून टेकवून साफ केलं, सिरिंजने लाल शाई भरली आणि स्वतःची बोटं रंगवून घेतली. मग टेस्ट पेज काढलं. त्यावर लाल पट्टा अगदी ठसठशीत उमटला. बाबांचा चेहरा मात्र पुन्हा पिवळा तो पिवळाच.

"तरी त्यांना सांगत होतो, रिफिलच्या भानगडीत पडू नका," धाकटा करवादला. "पण ऐकतील तर ते बाबा कसले! भंगारात टाक हे धूड."

आई इतका वेळ खुर्चीत बसून नुसती बघत होती. ती उठली. चुरगाळून टाकलेलं पहिलं पान तिने उचललं आणि तळहाताने सरळ केलं.



"प्रिंटर ठीक आहे रे. आजारपणात ते असेच दिसायचे. तुम्हाला फोनवर नुसता आवाज ऐकू यायचा."