रस्त्यापर्यंतचा वेळ

"लोकांच्या आठवणीवर विसंबू नका, स्वतः मोजा," हा आमच्या पाहुण्या प्राध्यापकांचा पहिला धडा. आमच्या विद्यापीठाला आरोग्य प्रकल्प कसा उभारायचा ते शिकवायला ते परदेशातून आले होते. म्हणून मोखाड्यातल्या त्या पाड्यावर मी ढवळूकाकांना म्हटलं, "गेल्या साली सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून रस्त्यापर्यंत नेलंत ना? मला अगदी तसंच न्या."

मोबाइलवरचं घड्याळ सुरू करून मी चादरीच्या झोळीत पडले. बांबूला पुढून त्यांच्या मुलाने, नितीनने खांदा दिला, मागून काकांनी. चढणीवरही दोघं जवळजवळ पळतच होते.

ओहोळ ओलांडल्यावर त्यांनी झोळी खाली ठेवली. काकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं आणि चादरीची कड माझ्या तोंडावर ओढली. मला वाटलं, उन्हासाठी. मग पुन्हा निघाले, पण आता सपाटीवरही अगदी सावकाश.

"दमलात का, काका? मी उतरून चालू?"

"नाय बाय," ते म्हणाले. "तुम्हीच बोलल्या ना, तसंच न्या. इथून पुढं घाई नव्हती."