पावसाच्या देवाची शेळी

"माया लोकांना शून्य ठाऊक होतं," अंजली म्हणाली आणि रामप्रसादचा पोह्यांचा चमचा बशीतच थांबला.

डोंगरकडा गावी पोरगी पाहायचा कार्यक्रम चालू होता. मोठी माणसं आत बैठकीत हळदीच्या काढणीवर बोलत होती. या दोघांना दोन शब्द बोलता यावेत म्हणून ओसरीवर खुर्च्या टाकून दिल्या होत्या.

आजवर पाहिलेल्या पोरींनी एक तर पगार विचारला होता, नाही तर घरी शेरडं आहेत हे ऐकून नाक मुरडलं होतं. माया संस्कृतीचा विषय आपणहून काढणारी ही पहिलीच. रामप्रसादला समोरचे पोहे एकदम गोड लागायला लागले.

तो कुरुंद्याचा. दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचा आणि रिकाम्या वेळात 'मक्याची माणसं' नावाचा ब्लॉग चालवायचा. पार मेक्सिकोकडच्या जंगलातल्या जुन्या माया लोकांवर, आणि तोही मराठीत. गाव आधी पोट धरून हसलं. मग एका पेपरात त्याचा फोटो आला आणि हसणारेच त्याला 'मायासर' म्हणायला लागले. ब्लॉगच्या कडेला त्यानं आपल्या आवडीनिवडी दिल्या होत्या : जुनी पंचांगं, मधमाश्या, शेळीपालन, गुळाचा चहा. त्याखाली आवडत्या ब्लॉगांची यादी. सगळ्यात आवडता ब्लॉग, ज्यावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, तो मात्र त्यानं यादीत घातला नव्हता. जिवाजवळची गोष्ट चव्हाट्यावर कशाला मांडायची, असा त्याचा स्वभाव.

"मला त्या न चावणाऱ्या मधमाश्यांचं लई नवल वाटतं," अंजली सांगत होती. "झाडाच्या ओंडक्यात पाळायचे ते लोक."

"मलाबी. आन पंचांग?"

"दोन दोन पंचांगं. एक शेतीचं, एक देवाचं."

लग्न करीन तर हिच्याशीच, हे रामप्रसादनं तिथंच ठरवून टाकलं.

"तुमचे आवडते ब्लॉग कोणते?" तिनं विचारलं.

त्यानं यादीतली दोन-तीन नावं सांगितली.

"अजून?"

"बस, एवढेच."

ती बश्या उचलून आत गेली.

घरी आल्यावर त्याच्या आईनं, सिंधूबाईनं, निकाल देऊन टाकला. "शेरडांचं नाव काढलं तरी पोरगी हसून बोलली. अजून काय पायजे तुला?"

आता फक्त तिकडून होकार यायचा होता. रामप्रसाद हवेत होता. अर्ज भरताना एका आजोबांच्या जन्मतारखेत त्यानं चालू साल टाकलं आणि वर त्यांनाच हसत बसला.

हे स्थळ आणलं होतं त्याच्या आतेभावानं, हनुमाननं. एके दिवशी तो दुकानात येऊन टेकला आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "पोरगी हुशार हाय बरं का. कार्यक्रमाच्या आधीच तुझ्या ब्लॉगची लिंक मागून घेतली तिनं. पहिल्यापासून सगळा वाचून काढला म्हणे."

रामप्रसादनं समोरचा अर्ज बाजूला सारला.

शून्य, मधमाश्या, पंचांग. सगळं त्याच्याच ब्लॉगवरचं. म्हणजे त्याच्याच ताटातलं उचलून तिनं त्यालाच वाढलं होतं, आणि तो येड्यासारखा मिटक्या मारत बसला होता. इतर पोरींनी नकार दिला तेव्हा त्याला राग यायचा. या वेळी आतून काहीतरी तुटलं. साऱ्या मुलखात आपल्यासारखं एक माणूस सापडलं असं वाटलं होतं, आणि तेही सोंग निघालं.

अंजली कळमनुरीच्या एका शाळेत शिकवायची. वारंगा फाट्याला गाडी बदलायची. दुसऱ्या दिवशी रामप्रसादनं तिला तिथंच गाठलं. हॉटेलच्या बाकड्यावर दोघं समोरासमोर बसले. चहा आला, कोणी हात लावला नाही.

"तुमी माझा ब्लॉग पाठ करून आल्या होत्या," तो म्हणाला.

"वाचून आले होते. सगळा."

"मंग सांगितलं काहून न्हाई? मला वाटलं, तुमाला मनापासून आवड हाय. दुसऱ्याचं वाचायचं आन आपलं म्हणून सांगायचं, ह्याला काय म्हणावं?"

"तुमीच सांगा."

"फसवणूक म्हणत्यात ह्याला. मला लई तकलीफ झाली, अंजली."

तिची गाडी लागली. कंडक्टरनं कळमनुरीचा पुकारा केला. ती उठली नाही.

"एक विचारू? शेळी व्याली की पहिल्या धारेचं दूध माया लोक पावसाच्या देवाच्या नावानं रानात सांडायचे, असं लिवलंय तुमी. ते कुठं सापडलं?"

या प्रश्नानं त्याचा राग थोडा निवळला. त्या लेखावर त्याचा जीव होता. शेरडं राखणाऱ्या साऱ्या वस्त्यांवर तो लेख मोबाइलवरून फिरला होता. पेपरवाले आले तेही तोच लेख वाचून.

"एका जुन्या पुस्तकात," तो म्हणाला. "लई शोधावं लागलं. आमच्या घरीबी बराबर तसंच करत्यात. लिवताना अंगावर काटा आला माझ्या."

"माया लोकांकडं शेळी नव्हतीच," अंजली म्हणाली. "गोऱ्यांच्या जहाजातून गेली ती तिकडं, लई मागून. दूध सांडायची रीत माझ्या आजीची हाय."

रामप्रसादनं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिनं पर्स खांद्याला लावली. "लांडगा कोणत्या वाटंनं येतो ते कळावं म्हणून रानात शेळी बांधून ठेवत्यात ना," ती उठत म्हणाली, "तशी ती मी माझ्या ब्लॉगात बांधली होती."