अकराची यादी

केबिनमधला फोन वाजला तेव्हा चादरीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं मावशीच्या. दोघींनी चादर ताणली, इस्त्रीच्या तापलेल्या रोलरच्या तोंडाला लावली आणि मान न वळवता केबिनच्या काचेकडे पाहिलं.

"स्टोअरचा असेल," मावशी म्हणाली.

स्टोअरचाच होता. आत सुपरवायझर साबणाच्या पोत्यांवरून कुणाला तरी झापत होता.

सव्वाअकरा झाले होते. कायद्याच्या कॉलेजात यादी अकराला लागणार होती. तिची मुलगी नऊपासून तिथे बोर्डासमोर उभी होती. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मशीनवर मोबाइल आणायला बंदी, म्हणून मुलगी केबिनमध्येच फोन करणार होती.

यादीत शोधायचं होतं ते नाव मुलीचं नव्हे, तिचं स्वतःचं. अर्ज भरण्याचं हे तिचं तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. नाव आलं नाही, तेही एकटीनेच गिळलं होतं. यंदा मात्र अर्जाबरोबर नोकरीचा दाखला लागला, आणि सुपरवायझरने सही करण्याआधी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "कायद्याचं कॉलेज! चव्वेचाळिसाव्या वर्षी! चादरींची बाजू मांडणार आहेस का गं?" सगळ्या हसल्या होत्या. मावशी तेवढी हसली नव्हती. तिच्या अडलेल्या विधवा-पेन्शनसाठी हिनेच तीन अर्ज लिहून दिले होते, आणि तिसऱ्या अर्जाला वरचे साहेबलोक जागचे हलले होते.

"नाही आलं तर पुन्हा भरशील?" मावशीने विचारलं.

"नाही. दिवसभर चादरी, घरी गेल्यावर पुस्तकं. खांदे बोलायला लागलेत आता. यंदाच काय ते."

पुन्हा फोन वाजला. सुपरवायझरने उचलला, ऐकला, ठेवला. एरवी तो दारातूनच ओरडायचा. आज चालत रोलरपर्यंत आला.

"पोरीचा फोन होता. नाव नाही म्हणते." मग जरा थांबून म्हणाला, "दोनदा वाचली म्हणे यादी."

"बरं," ती म्हणाली आणि गाड्यातून पुढची चादर उचलली.

ती चादर आत गेली. त्यानंतरची गेली. तिसरीही गेली. मावशी दर खेपेला आपलं टोक जरा आधीच तयार ठेवू लागली. सुपरवायझर तिथेच घुटमळत राहिला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं. पण त्याला जे बोलता येत होतं ते सगळं चेष्टेतलंच होतं.

फोन तिसऱ्यांदा वाजला. तो आत गेला आणि जवळजवळ पळतच बाहेर आला.

"तुलाच बोलवा म्हणते. रडतेय."

"रोलर सोडून कशी येऊ?"

खरंच येता येत नव्हतं. एकीनेच चादर घातली की ती गोळा होऊन आत अडकते, आणि एकदा मशीन थांबवलं की पुन्हा तापायला अर्धा तास. बाकीच्या बायका पलीकडे धुलाईच्या मशीनमधून ओले ढीग उपसत होत्या.

"तुम्ही धरा ना टोक, साहेब," मावशी म्हणाली. "हात आहेत की दोन."

त्याने चादरीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या दुमडल्या.

"जा तुम्ही," तो म्हणाला.

केबिनमध्ये टेबलावर रिसीव्हर आडवा पडला होता. तिने हात साडीला पुसले आणि तो कानाला लावला.

"रडू नकोस गं. नाही तर नाही."

"आई, मी चुकीचा बोर्ड बघत होते! तो दिवसाच्या वर्गांचा होता. संध्याकाळच्या वर्गांचा जिन्याखाली आहे. मला कुणी सांगितलंच नाही!"

"मग?"

"मग काय मग! सहावी आहेस तू! साठातली सहावी!"

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "नीट वाच. आडनाव बघ. मधलं नाव बघ. एकासारखी एक नावं असतात."

"आई, जन्मतारीखसुद्धा छापलीय. एवढं जुनं साल अख्ख्या यादीत दुसऱ्या कुणाचंच नाही."

"कागद कधीपर्यंत द्यायचेत?"

"सोमवारपर्यंत. आई, कागदांचं मरू दे, मला आधी ओरडू दे ना. इथे सगळे बघतायत म्हणून कधीची दाबून धरलेय."

"ओरड."

मुलगी ओरडली. रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरूनही सगळं ऐकू आलं.

काचेपलीकडे मावशी इकडेच पाहत होती. रिसीव्हर टेबलावर ठेवून तिने मावशीला एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताचं एक. मावशीला सहाचा अर्थ कळला नसणार, पण चेहरा कळला. हात गुंतलेले, म्हणून तिने मान मागे टाकून अशी काही आरोळी ठोकली की पलीकडच्या बायका हातातले ओले ढीग टाकून धावत आल्या. दचकून सुपरवायझरच्या हातातलं टोक सुटलं आणि चादर तिरकी आत जाऊ लागली.

"ताणा, साहेब, ताणा! चादर आहे ती, हातरुमाल नव्हे!"

त्याने झडप घालून टोक पकडलं. तो घामाने निथळत होता, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि गाड्यात अजून चाळीस-पन्नास चादरी तरी होत्या.

तिने फोन ठेवला. आता परत जायला हवं होतं. केबिनमध्ये एकच खुर्ची होती, सुपरवायझरची, हातांची, हिरव्या गादीची. तिने ती पुढे ओढली आणि टेकून बसली.