मेंढीला सांगितलेलं

"लाल ठिपका दिसतोय का?" सुनेत्राने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

"ठिपका नाही गं, मला माझंच नाक दिसतंय," मिसेस डेलेनी म्हणाल्या.

"म्हणजे स्क्रीन उलटी वळलीय. हलकेच फिरवा आणि बाजूचं मोठं बटण दाबा."

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. "हां. आता आला बघ ठिपका."

सुनेत्रा आयर्लंडमधल्या पोर्टलीशला, आपल्या स्वयंपाकघरात उभी होती. मिसेस डेलेनी तिथून पंचवीस किलोमीटरवर, स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरात, मेंढ्यांच्या शेडमध्ये. मार्च २०२१ मधला रविवार होता आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. म्हणून सुनेत्राने आपला छोटा कॅमेराच कुरिअरने डोंगरावर पाठवला होता, सोबत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद.

मिसेस डेलेनी आणि त्यांच्या कळपावर ती करत असलेल्या फिल्मचं हे तिसरं वर्ष. सुनेत्रा आठवडाभर सॉफ्टवेअर तपासायची आणि सुट्टीला डोंगर चढायची. पहिल्या वर्षी कॅमेरामन काम अर्धवट टाकून नागपूरला परतला, तेव्हा ती स्वतः कॅमेरा शिकली. दुसऱ्या वर्षी मेंढ्या विण्याच्या दिवसांतच लॉकडाउन लागला. आता मिसेस डेलेनींनी ठरवून टाकलं होतं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुरे झालं, ऑक्टोबरात कळप विकायचा. म्हणजे विणीचा हा शेवटचा हंगाम.

पण खरी अडचण वेगळीच होती. समोर कॅमेरा आला की मिसेस डेलेनी चर्चला जायचा कोट घालून ताठ बसत. नवरा गेल्यावर वीस वर्षं इथे एकटीने काढलीत, कसं वाटतं? "ग्रँड." म्हणजे छान, मजेत. कळप जाणार, त्याचं काय? "ग्रँड." फिल्ममध्ये डोंगर होता, धुकं होतं, मेंढ्या होत्या. एवढं सगळं होतं आणि त्या मात्र नव्हत्या.

"अगं, थांब जरा." मिसेस डेलेनींचा आवाज बदलला. "हिचं काहीतरी बिनसलंय. कोकराचं डोकं आलंय, पण एक पाय मागे राहिलाय. अडलीय बिचारी."

"कॅमेरा तसाच धरून..." सुनेत्राच्या तोंडून निघून गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. "नको. कॅमेरा ठेवा बाजूला. दोन्ही हात लागतील तुम्हाला. तुम्ही तिच्याकडे बघा."

गवत सळसळलं. फोन कुठल्याशा फळीवर आपटला. बादलीतल्या पाण्याचा आवाज आला. फोन बंद करायचं मिसेस डेलेनींच्या लक्षातच आलं नाही.

नंदकुमार वाळलेले कपडे घेऊन आत आला. सुनेत्राने नवऱ्याला ओठांवर बोट ठेवून थांबवलं.

"हळू गं बये, हळू." मिसेस डेलेनींचा हा आवाज सुनेत्राने तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता. "मी आहे ना. तुझ्या आईलाही मीच मोकळं केलं होतं, तिच्या आईलाही. आता जोर नको लावूस. पाय पुढे घेऊ दे मला."

मेंढी कण्हली.

"तुला एक सांगायचं राहिलंय. ऑक्टोबरात ट्रक येईल. तुम्ही त्यात चढाल तेव्हा मी दार लावून घरात बसणार आहे. मला नाही बघवायचं ते. मागून म्हणू नकोस, म्हातारीने काही सांगितलंच नाही म्हणून."

सुनेत्राने ओट्याची कड घट्ट धरली. नंदकुमार कपड्यांचा ढीग छातीशी धरून तसाच उभा राहिला.

मग नुसता मेंढीचा श्वास ऐकू येत राहिला. आणि एकदम एक बारीक, चिडका आवाज फुटला. कोकरू ओरडत होतं.

पावलं फोनजवळ आली. "अजून आहेस की काय तू?"

"आहे."

"सगळं ऐकलंस?"

नाही म्हणणं सोपं होतं. "ऐकलं," सुनेत्रा म्हणाली. "आणि कॅमेराही चालूच आहे. आतलं कार्ड मला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नसेल पाठवायचं, तर ते पुसायचं कसं ते आत्ता सांगते."

पलीकडे मिसेस डेलेनी हात धूत होत्या. सावकाश धूत होत्या.

"ते मी तुला सांगितलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

"तुला सांगता आलंच नसतं." आणि फोन बंद झाला.

आठवडाभर डोंगरावरून काही आलं नाही. सुनेत्राने त्या विषयावर फोन केला नाही. नवव्या दिवशी टपालाने पाकीट आलं. लोकरीच्या पुंजक्यात गुंडाळलेलं कार्ड आणि एक चिठ्ठी. 'ट्रक येईल त्या दिवशी तू ये.'

सुनेत्रा आणि नंदकुमार लॅपटॉपसमोर बसले. गवतावर कलंडलेल्या कॅमेऱ्यात दिसत होतं ते एवढंच: थोडं गवत, चिखलाने माखलेला अर्धा गमबूट, उघडं दार आणि दारापलीकडे फिकट डोंगर. आवाज मात्र स्वच्छ होता, शेवटच्या शब्दापर्यंत.

"चेहरा कुठेच नाही यात," नंदकुमार म्हणाला.

सुनेत्राने आवाज थोडा वाढवला. मिसेस डेलेनींचं बोलणं संपलं. गमबूट चौकटीबाहेर गेला. आता नुसतं गवत आणि दार.

"इथे कापायचं ना?" नंदकुमारने विचारलं.

तेवढ्यात डावीकडून ओलं, पिवळसर कोकरू चौकटीत आलं. उभं राहायला गेलं आणि नाकावर पडलं. पुन्हा उठायला लागलं. सुनेत्राने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.