ईशान्य कोपरा

"ही ईशान्य," वास्तुसल्लागार म्हणाले आणि मोबाइलमधलं होकायंत्र त्यांनी प्रदीपशेठच्या डोळ्यांपुढे धरलं. "आणि नेमकं इथेच भोक!"

ते ज्याला भोक म्हणत होते, ते बोटीच्या मागच्या टोकाला, उजव्या कोपऱ्यात, डेकवर बसवलेलं दोन फुटी चौकोनी झाकण होतं. पंचावन्न फुटांची बोट नवलाख उंबरे गावातल्या बोटी बांधायच्या शेडमध्ये ट्रेलरवर चढवून ठेवलेली होती. वाटेत कुठेही डिझेल न घेता मुंबईहून मालदीव गाठेल, एवढ्या मोठ्या तिच्या टाक्या. बोटीचे मालक प्रदीपशेठ. त्यांनी लोणावळ्याला तुंगार्लीत तेवीस बंगले बांधून विकले होते. त्यांच्या लेखी हा चोविसावा.

झाकण आतून उचललं गेलं आणि एक डोकं वर आलं. सल्लागार दोन पावलं मागे सरले.

"हा कोण?" शेठने विचारलं.

"माझा पोरगा, आकाश," रतन म्हणाला. बोटीचं सगळं लाकूडकाम रतनचं होतं. "तुमच्या इंजिनावर तोच जानार हाय, साहेब. काल भेटला, परवा बी भेटला."

"बरं. हे बंद करून टाका. यावर देवघर येईल. मकराण्याचा संगमरवर आहे, दीडशे किलो. उद्या पूजा."

शेडमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ड्रिल कसं धरायचं, हे रतनच शिकवत असे. एकदा सांगून कळलं नाही, तर दुसऱ्यांदा तितक्याच शांतपणे. आताही तो तसाच सांगू लागला.

"साहेब, ह्या झाकनाखाली कामगारांची खोली हाय. दोघं झोपनार. खोलीला दार एकच, आन ते इंजिनाकडं उघडतं. आग लागली तर ती इंजिनाकडंच लागती. मग वर यायला हीच एक वाट."

"आग कशाला लागेल? शुभ बोला."

"लागू नये म्हनून तुमी पूजा करताय. लागली तर म्हनून मी हे केलंय. देवघर आत हॉलमदी बसवू की. जागा हाय."

"हॉलमध्ये बार आहे."

शेठ सल्लागारांकडे वळून हसले. "या लोकांना सहा स्क्रू मारायला सांगितले, की आधी तासभर शाळा घेतात."

देवघर उचलायला हायड्रा क्रेन आणली होती. ती शेडमध्ये मावेना. म्हणून ड्रायव्हर कैलासने ट्रेलर बाहेर ओढला, आवारात मोठा वळसा घेतला आणि बोटीचं तोंड गेटाकडे करून थांबला.

सल्लागारांनी सवयीने पुन्हा मोबाइल काढला. बघितला. झटकून बघितला. मग ते डेकवरून चालत निघाले ते थेट बोटीच्या नाकापर्यंत गेले आणि तिथे डाव्या बाजूला उभे राहिले.

"ईशान्य आता इथे आली," ते बारीक आवाजात म्हणाले.

"तिथे खाली काय आहे?" शेठने विचारलं.

"तुमचा संडास," रतन म्हणाला.

हायड्रावाल्याला खोकला आला. कैलासने केबिनमधून मान बाहेर काढली. "बंगल्याचं ते एक बरं असतंय, शेठ. वळत न्हाई."

शेठ ओशाळले नाहीत. ओशाळायला आधी काहीतरी कळावं लागतं.

"होती तशी उभी करा," त्यांनी हुकूम सोडला. "आधी देवघर बसवा, मग काय ती फिरवा."

"करतो की. पर दर्यात गेल्यावर रोज कोन सरळ करनार?"

"दर्यात कोण बघायला येतंय? उद्या दोनशे माणसं येणार आहेत, ती इथे!"

कैलासने बोट पुन्हा होती तशी वळवून आवारात उभी केली. सल्लागारांचा चेहरा उजळला. ईशान्य जागेवर आली होती. देवघर पट्ट्यांमध्ये अडकून झाकणाच्या वर लोंबकळू लागलं. आकाश खाली पंप जोडत होता. रतनने ड्रिल उचललं आणि झाकण उघडून आत वाकून बघितलं.

"आकाश, वर ये."

आकाश दाराने आला नाही. त्याच चौकोनातून, दोन्ही हात कडेला टेकून, एका दमात वर आला.

"बघितलं, साहेब? असं यायचं असतं," रतन म्हणाला.

"स्क्रू मारायचे की दोघांनी घरी जायचं, ते सांगा," शेठ म्हणाले.

रतनने ड्रिल त्यांच्या हातात दिलं. "सहाच हायेत. तुमी मारा."

शेठने कैलासकडे पाहिलं. कैलास आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होता. हायड्रावाल्याने इंजिन बंद करून तंबाखूची पुडी काढली. सल्लागारांना मोबाइलवर एकदम काहीतरी वाचण्यासारखं सापडलं. वर देवघर संथ झुलत राहिलं.

शेठने ड्रिल धरलं होतं, ते टोक स्वतःच्या पोटाकडे करून.

"हे चालू कुठून होतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न रतनने आजवर शंभर पोरांकडून ऐकला होता आणि शंभरांनाही उत्तर दिलं होतं. त्याने आपली पिशवी जवळ ओढली. उघड्या चौकोनाच्या कडेवर बसला, दोन्ही पाय त्या भोकात सोडले आणि डबा उघडून अर्धी भाकरी आकाशच्या हातात दिली.